अस्वलाच्या आत कोण असतं? कॅरेक्टरचा धंदा सुरू करण्याआधीचा धडा



मागच्या व्हिडिओत आपण वाढदिवसाच्या सजावटीला जोडून करता येणारे पाच धंदे पाहिले. त्यातला एक होता कार्टूनचा ड्रेस घेऊन त्यात माणूस पाठवायचा. सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. ड्रेस कुठे मिळतो, केवढ्याला मिळतो, किती कार्यक्रमांत पैसे वसूल होतात. प्रश्न चांगलेच आहेत. पण ड्रेसच्या आत कोण उभं राहणार आणि त्याचं काय होणार, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्हाला नावं ठेवत नाही. मी दुकान सुरू केलं तेव्हा मीही हा प्रश्न विचारला नव्हता. आणि मला तर सबबही नव्हती, कारण मी स्वतः तो ड्रेस घालून काम केलेलं होतं. त्याची किंमत माझ्याकडच्या एका मुलाने मोजली. आजचा धडा त्याबद्दल आहे. थोडा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

१. आत गेल्यावर काय होतं

बीबीएच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एका पार्कमध्ये अस्वल झाले होते. पार्कचं नाव महत्त्वाचं नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. मुलाखतीत त्यांनी मला काही विचारलंच नाही, फक्त भिंतीला उभं करून उंची मोजली. या कामात बुटक्या माणसांना मागणी असते. डोक्याचा भाग एवढा मोठा असतो की उंच माणूस आत गेला तर मुलं घाबरतात.

पहिल्या दिवशी कळलं ते असं.

दिसत जवळजवळ काहीच नाही. अस्वलाचे डोळे शोभेचे असतात, आपण बघतो त्याच्या तोंडाच्या जाळीतून. समोरच्या माणसाची छाती दिसते, पण पायाशी उभं असलेलं दोन वर्षांचं पोर दिसत नाही. ऐकूही कमी येतं. फोममुळे बाहेरचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येतो आणि स्वतःचा श्वास मात्र मोठ्याने ऐकू येतो. घाम डोळ्यात जातो आणि पुसता येत नाही, कारण हात बाहेर आहे आणि डोळा आत. नाकाला खाज सुटली तर नाक डोक्याच्या आतल्या फोमवर घासायचं. तिथे आधी कुणाकुणाचं नाक घासलंय याचा विचार करायचा नाही.

आत तुम्ही हसलात काय, रडलात काय, अस्वलाचा चेहरा तोच. म्हणून सगळं अंगाने बोलावं लागतं. 'हो' म्हणायचं तर कमरेतून वाकून मान हलवायची. आनंद झाला तर दोन्ही हात खांद्याच्या वर. लाजायचं असेल तर एक पाय मागे आणि तळहात तोंडावर. आपल्याकडचा बहुरूपी सोंग घेऊन दारात यायचा, पण त्याला तोंड होतं. तो बोलून वेळ मारून नेई. इथे ती सोय नाही.

लहान मुलांकडे कधी चालत जायचं नाही. जरा लांब गुडघ्यावर बसायचं, अंग तिरपं ठेवायचं आणि वाट बघायची. मूल आपणहून आलं तर ते मिठी मारतं. आपण गेलो तर भोकाड पसरतं, आणि त्या पालकांच्या डोक्यात कार्यक्रम तिथेच फसलेला असतो.

आता वाईट बाजू. अस्वलाच्या आत माणूस आहे हे लोक विसरतात. काहींना चांगलं माहीत असतं, तरीही. कॉलेजची पोरं येऊन डोक्यावर टपली मारायची, शेपूट ओढायची. एकाने मागून धक्का दिला तेव्हा मी गुडघ्यांवर पडले आणि भोवतीची माणसं हसली, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. फोटो काढताना काही पुरुष हात कुठे ठेवायचे ते लिहीत नाही. बोलायची परवानगी नाही, तोंड दिसत नाही, ओळख पटत नाही. त्या तीन आठवड्यांत मी एकदाही तक्रार केली नाही, कारण कुणाकडे करायची हेच कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एक चांगली आठवण. नातवंडांबरोबर आलेल्या एका आजींनी फोटो काढून झाल्यावर पदराने अस्वलाचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "केवढं घामाघूम झालं असेल गं लेकरू आत." तीन आठवड्यांत आत कुणीतरी आहे हे जाणणारं तेवढं एकच माणूस भेटलं. मी आत ढसाढसा रडले. अस्वल मात्र हसत होतं.

२. मोठे लोक हे काम कसं चालवतात

अमेरिकेत कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालं. आज जगभर हे काम ज्या पद्धतीने चालतं त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे. तिथे कर्मचाऱ्याला 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नाटकातला पात्रधारी. पाहुण्यांना दिसणारी जागा म्हणजे रंगमंच, न दिसणारी म्हणजे पडद्यामागचा भाग. फ्लोरिडात १९७१ साली सुरू झालेल्या त्यांच्या पार्कखाली तर बोगदेच आहेत, म्हणजे एका भागातलं पात्र भलत्याच भागात पाहुण्यांना दिसायला नको.

पूर्ण मुखवटा घालणारं पात्र बोलत नाही. एका पात्राचा ड्रेस घालणारी माणसं अनेक असली तरी सही सगळ्यांची सारखीच, कारण ती शिकवलेली असते. आतला माणूस 'मी मिकी आहे' असं सांगत नाही, 'माझी मिकीशी मैत्री आहे' असं सांगतो. आणि पात्राबरोबर साध्या गणवेशात एक मदतनीस असतो. रांग लावणं, वेळ बघणं, आगाऊ पाहुण्याला आवरणं, पात्राला आत घेऊन जाणं ही सगळी त्याची कामं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, किती व्यवस्थित! थांबा. फ्लोरिडातल्या पात्रधाऱ्यांना ड्रेसखाली घालायचे आतले कपडे कंपनीच द्यायची आणि ते रोज सामायिक धुलाईत जायचे. आज माझ्या अंगावर आहेत ते उद्या दुसऱ्याच्या. उवा आणि खरजेच्या तक्रारी आल्या, तेव्हा युनियनने विषय लावून धरला आणि २००१ साली ज्याचे कपडे त्याला, घरी नेऊन धुवायला, असं ठरलं. एवढी मोठी कंपनी, आणि एवढ्या साध्या गोष्टीला करार लागला.

पुढचं अगदी ताजं आहे. मे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या पात्रांनी आणि परेडच्या कलाकारांनी युनियनसाठी मतदान केलं. साधारण १,७०० जणांचा गट. बाजूने ९५३ मतं, विरोधात २५८. पगाराबरोबरच सुरक्षितता आणि ड्रेसची स्वच्छता हेही त्यांचे मुद्दे होते. म्हणजे सत्तर वर्षं हा धंदा करणाऱ्यांकडेही आतल्या माणसाचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. आपल्याकडे तो आपोआप सुटेल, ही आशा सोडा.

३. उष्णता: हे गंमतीत घेऊ नका

आपलं शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे, नुसता घाम येऊन नाही. फर, फोम आणि अस्तर यांच्या आत हवा खेळत नाही, त्यामुळे घाम सुकतच नाही. शरीर घाम काढत राहतं, पाणी आणि मीठ जात राहतं, थंडावा मात्र मिळत नाही. वर उड्या मारायच्या, नाचायचं, म्हणजे आतून उष्णता तयार होतच असते.

जपानमध्ये ओसाकाजवळच्या हिराकाटा पार्कमध्ये जुलै २०१९ मध्ये २८ वर्षांचा एक अर्धवेळ कामगार उष्माघाताने गेला. ड्रेस सुमारे १६ किलोचा होता. भर दुपारची वेळ नव्हती, संध्याकाळी नाचाचा सराव चालला होता. 'आमचा कार्यक्रम तर सात वाजता आहे, ऊन कुठंय?' असं विचारणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ही गोष्ट सांगते.

लक्षणं पाठ करा. आधी डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे. तेव्हाच थांबलं तर माणूस सावरतो. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं, माणूस बरळायला लागला, गोंधळला किंवा शुद्ध हरपली की तो उष्माघात. मग ड्रेस काढा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

४. माझी चूक

दुकानाचं दुसरं वर्ष. एप्रिल महिना. एका शोरूमच्या उद्घाटनाची ऑर्डर आली, सकाळी अकरा ते तीन. त्यांना दर जास्त वाटला, मी कमी केला. कमी कसा केला? सोबतचा माणूस काढून टाकला. 'दर अर्ध्या तासाने त्याला बसू द्या' एवढं फोनवर सांगितलं आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला ड्रेसची पिशवी देऊन एकट्याला पाठवलं.

पहिला अर्धा तास ठीक गेला. तो आत जायला निघाला तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं, "गर्दी आत्ताच आलीये, जरा थांब." तो थांबला. नवीन होता, मला वाईट वाटू नये म्हणून थांबला. तासाभराने त्याला गरगरायला लागलं. त्याने हात वर करून खूण केली. समोरच्या मुलांनी उलट हात हलवला, त्यांना वाटलं टाटा करतोय. तो पायरीवर बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो आडवा झाला तेव्हा दोघं-तिघं मोबाईलवर शूटिंग करत होते.

रस्त्यापलीकडच्या चहावाल्याच्या लक्षात आलं की हे नाटक नाही. त्याने धावत येऊन डोकं उपटून काढलं आणि चहाच्या भांड्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं. मी तीन किलोमीटरवर दुकानात फुगे मोजत बसले होते.

मुलगा वाचला. एक रात्र दवाखान्यात, सलाईन, आठवडाभर अशक्तपणा. बिल मी भरलं, त्यात मोठेपणा काही नाही. त्याची आई दवाखान्यात मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही स्वतः घातला होतात ना हा ड्रेस? मग तुम्हाला कळायला पाहिजे होतं."

यावर मला उत्तर नव्हतं. आजही नाही. शोरूमवाल्याची चूक होती का? होती. पण त्याच्याशी व्यवहार मी केला होता, आणि कमी केलेला पैसा कुठून येणार हे मीच ठरवलं होतं.

५. दराचा हिशोब

आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तर आता पैसे. दोन तासांचा एक कार्यक्रम, शहरातच. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

ड्रेस १५,००० रुपयांचा धरू, तो १०० कार्यक्रम टिकतो असं धरू. म्हणजे एका कार्यक्रमाला १५० रुपये घसारा.

- ड्रेसचा घसारा: १५०
- आतल्या कलाकाराचे: १,०००
- सोबतच्या माणसाचे: ५००
- येण्या-जाण्याचे: ३००
- धुलाई आणि निर्जंतुकीकरण: २००
- पाणी, ओआरएस, टॉवेल: १००
- डोक्यातल्या पंख्याची बॅटरी: ५०
- दुरुस्तीसाठी बाजूला: १००
- दुकानाच्या खर्चाचा वाटा: ३००

बेरीज २,७०० रुपये. मी ३,४०० घेतले तर हातात ७०० राहतात, म्हणजे विक्रीच्या साधारण २० टक्के.

आता शेजारचा म्हणतो, "मी १,५०० मध्ये पाठवतो." कसं जमतं त्याला? सोबतचा माणूस काढा, ५०० गेले. कलाकाराला निम्मे द्या, आणखी ५०० गेले. धुलाई नको, २०० गेले. पाणी-टॉवेल, बॅटरी, दुरुस्ती नको, २५० गेले. खर्च आला १,२५० वर, आणि वर २५० नफाही सुटला.

वजा केलेले ते आकडे पुन्हा बघा. भाडं तेवढंच, रिक्षा तेवढीच, ड्रेसही तेवढ्याचाच. १,४५० रुपये कमी झाले ते जवळजवळ सगळे आतल्या माणसाच्या अंगातून काढलेत. मी त्या एप्रिलमध्ये हेच केलं होतं, फक्त असं कागदावर मांडलं नव्हतं.

म्हणून गिऱ्हाईक म्हणालं की 'जरा कमी करा', तर वेळ कमी करा, फुगे कमी करा, ड्रेस साधा द्या. सोबतचा माणूस आणि विश्रांती या दोन ओळींना हात लावायचा नाही. १,५०० वालं गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्या. माझी गेली, तरी दुकान चालू आहे. शाळा आणि सोसायट्या उलट माझ्याकडे टिकल्या, कारण धुतलेल्या ड्रेसला वास येत नाही आणि पालकांना तो फरक लगेच कळतो.

६. माझ्या दुकानाचे नियम

हे ऑर्डरच्या पावतीच्या मागेच छापलेत. हवे असतील तर जसेच्या तसे घ्या.

१. एका वेळी २० मिनिटं आत, मग २० मिनिटं डोकं काढून बाहेर. मार्च ते जूनमध्ये १५ मिनिटंच. दुपारी बारा ते चार उघड्यावर कार्यक्रम घेत नाही, पैसे कितीही देवोत.

२. सोबतचा माणूस असल्याशिवाय ड्रेस दुकानाबाहेर जात नाही. घड्याळ त्याच्याकडे. 'आता बास' हा शब्द त्याचा, यजमानांचा नाही.

३. खुणा ठरलेल्या. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे 'मला आत्ता बाहेर काढा'. ही खूण नाचात कधीच वापरायची नाही, म्हणजे घोटाळा होत नाही.

४. जीव महत्त्वाचा, भ्रम नंतर. मुलांसमोर डोकं काढायचं नाही हा नियम खरा. पण गरगरलं तर जिथे असाल तिथे काढा. मुलांना मी समजावेन.

५. बदलायला बंद खोली, पंखा आणि पिण्याचं पाणी यजमानांनी द्यायचं. ऑर्डर घेतानाच विचारायचं. खोली नसेल तर ऑर्डर नाही.

६. मुलांना उचलायचं नाही. हातमोज्यातून पकड बसत नाही आणि पाय कुठे पडतो ते दिसत नाही. फोटोत कलाकाराचे दोन्ही हात दिसले पाहिजेत. याने मूलही सुरक्षित आणि आपला माणूसही.

७. कुणी मारलं, ओढलं, नको तिथे हात लावला तर सोबतचा माणूस एकदा सांगतो. दुसऱ्यांदा झालं तर कार्यक्रम संपला, पैसे परत नाहीत.

८. आतले कपडे ज्याचे त्याचे, प्रत्येकी दोन जोड. डोक्याच्या आत कापडी अस्तर, तेही दर कार्यक्रमाला बदलायचं.

९. ताप, जुलाब, उपवास असेल त्या दिवशी सुट्टी. खोटं सांगून येऊ नये म्हणून महिन्यात एका आजारी दिवसाचे निम्मे पैसे देते.

आणखी एक छोटं काम. तुमच्या प्रत्येक मुलाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढला आहे का बघा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण, बँक खात्यातूनच होतं. तो अपघाताचा विमा आहे, आजारपणाचा नाही, म्हणून दवाखान्यासाठी थोडी रक्कम गल्ल्यातून वेगळी ठेवायचीच.

७. कॅरेक्टर कुणाचं आहे?

हे थोडक्यात, कारण यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे. टीव्हीवरच्या प्रसिद्ध पात्रांचे हक्क कुणाच्या तरी मालकीचे असतात. बाजारात हुबेहूब ड्रेस मिळतो म्हणून तो घालून पैसे कमवायची परवानगी मिळाली असं होत नाही. कॉपीराइट आणि ट्रेडमार्क, दोन्हींचा प्रश्न येतो.

त्यापेक्षा स्वतःचं पात्र बनवा. जपानच्या कुमामोतो प्रांताने २०१० साली कुमामोन नावाचं काळं अस्वल आणलं आणि ते अस्वलच प्रांताची ओळख बनलं. आपल्याकडे काय कमी आहे? टोपी घातलेला बैल, नऊवारीतली चिमणी, काहीही. वैयक्तिक अर्जदाराला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन ट्रेडमार्क अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. फक्त सेवा देत असाल तर आपल्याकडे वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

८. या आठवड्याचा गृहपाठ

पहिला: वरचा हिशोब तुमच्या शहरातल्या आकड्यांनी वहीत लिहून काढा. मोबाईलमध्ये नको, वहीत.

दुसरा: ड्रेस विकत घेण्याआधी एखाद्या दुकानातून एका संध्याकाळीपुरता भाड्याने आणा. घरात, पंख्याखाली, सोबत कुणीतरी असताना तो घाला आणि दहा मिनिटं गाण्यावर नाचा. फक्त दहा. मग डोकं काढा, पाणी प्या आणि स्वतःला विचारा, याचे मी दुसऱ्याला किती देईन? जो आकडा मनात येईल तो हिशोबात 'कलाकाराचे' या ओळीत लिहा.

ज्यांना तो आकडा परवडत नाही, त्यांनी फुगे आणि सजावटीचाच धंदा करावा. त्यातही चांगले पैसे आहेत आणि फुग्याला चक्कर येत नाही.

तो मुलगा आज माझ्याकडेच आहे. ड्रेस घालत नाही, सोबतचा माणूस म्हणून जातो. कार्यक्रमात त्याची नजर गर्दीवर नसते, अस्वलाच्या हातांवर असते. वीस मिनिटं झाली की मध्ये कोण उभं आहे हे न बघता तो अस्वलाचा हात धरून चालायला लागतो. मागच्या महिन्यात एका सोसायटीचे अध्यक्ष रागावले, "अहो, अजून केक कापायचाय!" तो म्हणाला, "काका, अस्वल पाणी पिऊन येतंय. केक ठेवा त्याच्यासाठी."

केक ठेवला होता. नियम पाळून काम चालतं ते असं.

वही भरा. पुढच्या व्हिडिओत मी तिन्ही प्रकारच्या ड्रेसची आतली बाजू उलटी करून दाखवणार आहे. भेटू!